नाव असं काऊन ठेवलं? सेतूवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं ऑनलाईन सेंटर आहे. लोकं त्याला अजूनही सेतूच म्हणतात, मी पण दुरुस्त करणं सोडून दिलं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर अन बाहेर बाकडं, अन त्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला विचारलं का काम काय आहे तर निम्म्या वेळा उत्तर एकच, "नावाचं लफडं आहे भाऊ". माझं स्वतःचं आडनाव भोंगळे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, तुमच्याकडे भोंगळ म्हणजे ढिसाळ असेल, आमच्याकडे भोंगळा म्हणजे नागडा. त्यामुळे खिडकीच्या दोन्ही बाजूनं हा विषय पाहिलेला आहे. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आमच्या आजोबाचं नाव उकर्डा. दुसरं नाव भेटलं नाही का घरच्यांना?

भेटलं असतं, पण मुद्दाम ठेवलं. आधीची लेकरं जगत नव्हती म्हणून नवीन झालेलं पोट्टं उकिरड्यावर ठेवायचं, कोणीतरी उचलून आणायचं, म्हणजे सटवीला न् नजरेला वाटलं पाहिजे का हे टाकून दिलेलं आहे, याला काय न्यायचं. उकर्डा, कचरू, दगडू, धोंडू, चिंधू, चिंधाबाई ही सगळी त्याच गावची नावं. म्हणजे ज्या आजोबाच्या नावाची तुम्हाला लाज वाटून राहिली ते घरातलं सगळ्यात लाडाचं लेकरू होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे वेगळीच तऱ्हा, तिकडे जन्मवार बघतात, इतवारू, सोमा, मंगरू, बुधा, सुकरू, अन दुष्काळात झाला तर दुकाळू. जन्मतारखेचा पुरावा नसला तरी वार तरी समजतो.

पण सगळी नावं लाडाची नव्हती हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोड गोड होऊन जाईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ३१ व्या श्लोकात सरळ लिहून ठेवलं आहे का ब्राह्मणाचं नाव मंगल असावं अन शूद्राचं नाव किळस येईल असं असावं. गावात काही घरांत कचऱ्या, धोंड्या हीच नावं पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यात नवसाचा भाग किती अन वरून लादलेला किती हे वेगळं करता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली अन पुढच्या दहा-वीस वर्षांत वस्त्यावस्त्यांत गौतम, सिद्धार्थ, राहुल, यशोधरा दिसायला लागले. माझ्याकडे असे कागद येतात, बापाच्या रकान्यात धोंड्या, पोराच्या रकान्यात सिद्धार्थ, एकाच पानावर. ते पान स्कॅन करताना थांबायला होतं.

असं नाव असून कोणी मोठं झालं का?

अमरावतीचं विद्यापीठ कोणाच्या नावानं आहे? संत गाडगेबाबा. डेबूजी झिंगराजी जानोरकर, शेंडगावचे, जन्म १८७६, हातात मातीचं गाडगं घेऊन फिरायचे म्हणून गाडगेबाबा झाले. नागपूरचं विद्यापीठ? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. यावलीला १९०९ साली जन्मले तेव्हा नाव माणिक होतं, आडकोजी महाराजांनी माणिकचा तुकड्या केला. म्हणजे विदर्भातल्या पोरांच्या डिग्रीवर एक तर मडकं आहे नाहीतर तुकडा आहे, अन त्याच डिग्र्या घेतलेले साहेब उकर्डा नाव वाचून हसतात.

सिंधुताई सपकाळ पण आपल्याच, वर्धा जिल्ह्यातल्या पिंपरी मेघेच्या, १९४८ चा जन्म. पोरगी झाली, नको होती, म्हणून घरात नाव पडलं चिंधी. २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा यादीत सिंधुताई होतं.

ग्रामपंचायत म्हणून राहिली का हे नाव चांगलं नाही, लिहिणार नाही. असं चालते का?

नाही चालत. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, त्यात चांगल्या-वाईट नावाची यादी कुठेच नाही. २१ दिवसांत जन्म नोंदवा, नाव तेव्हा ठरलं नसेल तर १२ महिन्यांत फुकटात टाकता येतं, नंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. नोंदणाऱ्याचं काम लिहायचं आहे, बारसं करायचं नाही.

दुसऱ्या देशांत उलटं आहे. न्यूझीलंडमध्ये राजा, न्यायाधीश असं पदवीसारखं नाव नामंजूर करतात, अन २००८ ला तिथल्या कोर्टानं नऊ वर्षाच्या पोरीला आधी स्वतःच्या ताब्यात घेतलं अन मग नाव बदलू दिलं, कारण मायबापानं तिचं नाव 'तालुला डझ द हुला फ्रॉम हवाई' असं अख्खं वाक्यच ठेवलं होतं. जपानमध्ये १९९३ ला एका बापानं पोराचं नाव अकुमा म्हणजे सैतान ठेवलं तर नगरपालिका अडून बसली. आपल्याकडे राजा, वकील, दिवाण काय वाट्टेल ते ठेवा. कर्नाटकातल्या हक्की पिक्की लोकांत तर गुगल, कॉफी, सुप्रीम कोर्ट अशी नावं आहेत.

पण एक ध्यानात ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकराला शाळेपासून लायसनपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यात एकदा नाव चढलं की स्पेलिंगची चूक सुधारता येते, "हे नको, आता ते टाका" हे सोपं राहत नाही. अन १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव, या क्रमानं लिहायचं आहे. घरी ठरवून या, खिडकीवर भांडू नका.

सातबाऱ्यावर वेगळं, आधारवर वेगळं, बँकेत वेगळं. माणूस एकच आहे ना भाऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून याला जास्त जागा देतो.

मागच्या उन्हाळ्यात एक बुढे बाबा आले, फार्मर आयडी काढायला. कपाशीच्या बियाण्याची रिकामी पिशवी, तिच्यात सगळे कागद, पासबुकाला हळद लागलेली. सातबाऱ्यावर 'उकर्डा', आधारवर 'उकर्डाजी', बँकेत 'उकंडराव', अन मतदान कार्डावर कोणीतरी जरा जास्तच मान देऊन 'उत्तमराव'. बाबांना विचारलं यातलं खरं कोणतं, तर म्हणे "मले तं सारे उक्काच म्हनतात". ते पाचवं नाव. पोर्टलला काय, ते आधारवरचं नाव अन सातबाऱ्यावरचं नाव समोरासमोर ठेवून किती जुळलं याचा स्कोअर काढते. त्याला जी म्हणजे मान हे समजत नाही, राव म्हणजे तोच माणूस हे समजत नाही. बाबांची काही चूक नव्हती, लिहिणाऱ्या प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यांचा मान राखला होता अन त्या मानापायी पीएम किसानचे हप्ते अडकले होते. वर्षाचे सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन तुकडे, तेही नाही.

काय करायचं ते सांगतो. आधी एक कागद मुख्य धरा. शेतकऱ्यानं सातबारा धरावा, कारण जमिनीचं नाव बदलायला सगळ्यात जास्त हेलपाटे लागतात, म्हणून बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्यावे. सातबाऱ्यातच लिहिताना चूक झाली असेल, म्हणजे जुन्या फेरफारात बरोबर अन कॉम्प्युटरवर चढवताना उकर्डाचा 'उर्कडा' झाला असेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज लागतो, तलाठ्याला नुसतं तोंडी सांगून काही होत नाही. मतदान कार्डाला फॉर्म ८. बँकेला आधारची झेरॉक्स अन अर्ज, अन अर्जाची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

आधारवरचं मराठी नाव पण तपासा. तिथं इंग्रजी टाईप केलं का मशीन स्वतःच मराठी करते, अन ऑपरेटरनं पाहिलं नाही तर दगडूचा डगाडु होतो अन ढोलेचा धोले. माझं 'भोनगाले' झालं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सभ्य वाटलं.

मास्तरनं शाळेत नाव बदलून लिहिलं, आता काय?

हे मास्तर लोकं चांगल्या मनाचे होते, वाद नाही. पोट्टं पहिल्या दिवशी शाळेत आलं, नाव विचारलं, कचरू. मास्तर म्हणे "कचरू काय बे, किशोर लिहितो". झालं. दाखल-खारीज म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या रजिस्टरवर किशोर, कोतवाल बुकात म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत कचरू, गावात कचऱ्या. टीसी किशोरची असल्यामुळे पुढं सगळं किशोर झालं, अन चाळीस वर्षांनी पोराच्या व्हॅलिडिटीला, म्हणजे जातपडताळणीला, कचरू अन किशोर एकच हे सिद्ध करायची पाळी आली. शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्ती होते, मुख्याध्यापक प्रस्ताव पाठवते अन शिक्षणाधिकाऱ्याची मंजुरी लागते, माध्यमिक शाळा संहितेतलं २६.४ कलम त्यासाठीच आहे. शाळा सोडल्यावर फक्त डोळ्याला दिसणारी लिखाणाची चूक सुधारतात, नाव बदलून मागाल तर ऐकत नाहीत.

पोरीचं नाव नकोशी आहे, पुढच्या वर्षी दहावी. बदलता येईल का?

येईल, अन आत्ताच बदला, बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी. बोर्डाच्या सर्टिफिकेटवर जे नाव छापलं ते आयुष्यभर मागं लागते. सध्या युडायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाईन नोंद अन आधार, दोन्हीकडे नाव सारखं नसलं तर अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा नंबर निघतच नाही, त्यामुळे शाळा स्वतःच मागं लागलेली असते, त्याचा फायदा घ्या.

साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनानं कार्यक्रमच घेतला होता, २८५ नकोशींना नवीन नावं दिली. आपल्याकडे एवढा गाजावाजा नसतो, आई येते अन हळू आवाजात विचारते. मागं एक माय अशीच आली, पोरगी बाजूला उभी, मायच बोलून राहिली. मी पोरीला विचारलं, तुला कोणतं नाव पाहिजे? तिनं कंपासपेटीतून घडी केलेला कागद काढला, त्यावर बॉलपेननं अकरा नावं, नऊ खोडलेली. उरलेल्या दोनमधलं एक तिनं तिथंच खोडलं. माय पाहतच राहिली, तिला त्या यादीचा पत्ताच नव्हता.

लग्नात नाव बदललं. लाडक्या बहिणीचे पैसे अडकले. माहेरचं नाव खरं का सासरचं?

तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहिलं म्हणजे ते सरकारला कळलं असं नसते, ताई. नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा कायदा नाही, पहिलं नाव बदलायचा तर प्रश्नच नाही. माहेरचं नाव ठेवलं तर कागदाचं एकही काम वाढत नाही. बदलायचंच असेल तर मॅरेज सर्टिफिकेट काढा, आधार बदला, मग बँक, मग बाकी, या क्रमानं. अर्ध्यात सोडलं तर सगळ्यात वाईट, आधार सासरचं, पासबुक माहेरचं, रेशन कार्डावर घरी हाक मारायचं नाव. तीन बाया तयार होतात अन पैसे एकीलाही येत नाहीत.

गॅझेट म्हणजे काय? आधारवर नाव कितीदा बदलते?

गॅझेट म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्र. नाव बदलल्याची सूचना त्याच्या भाग दोनमध्ये छापून येते, अर्ज ऑनलाईन होतो, जुन्या नावाचा पुरावा अन कारण लागते. "लाज वाटते" असं कारण लिहायला लोकं कचरतात, मग मी "वैयक्तिक कारण" लिहितो. आधारवर छोटी स्पेलिंग चूक साध्या पुराव्यावर होते, अख्खं नाव बदलायला गॅझेट अन जुन्या नावाचं फोटोवालं ओळखपत्र दोन्ही लागते. अन आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलते. दोन्ही चान्स गल्लीतल्या कोणाकडून तरी घाईत संपवून लिमिट क्रॉस झालं म्हणून रडत येणारे खूप आहेत, त्यांनी आधारच्या हेल्पलाईनला १९४७ वर फोन करावा, माझ्याकडं त्याचं बटण नाही.

जाता जाता. २०२४ ला ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला अन तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी. आम्ही अजून तलाठीच म्हणतो अन सरकारचं काहीच अडत नाही. हेच उकर्डा बाबांनी केलं तर अडते.

कॉम्प्युटर नावच घेत नाही, लाल अक्षरात काहीतरी येते.

याचे तीन-चार प्रकार पाहिले. पहिला, आडनावच नाही. काही जुन्या लोकांच्या आधारवर फक्त एक नाव आहे अन फॉर्ममध्ये आडनावाला लाल तारा. ऑपरेटर मग काहीतरी ठोकून देते. एका सुकरू बाबाच्या आडनावात 'एनए' टाकलं, लागू नाही अशा अर्थानं, बँकेनं पासबुकच छापून दिलं, श्री. सुकरू एनए. पुढे नातवाला शाळेत आडनाव विचारलं तर तो पण तेच सांगू लागला. पासपोर्टवर एकच नाव असेल तर दुबईचा विचार सोडा, २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएई अशा पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा देत नाही. अमेरिकावाले देतात पण पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही.

दुसरा, मशीनला शिवी वाटते. हर्षित, दीक्षित ही किती सोज्वळ नावं, पण इंग्रजीत लिहून शेवटची चार अक्षरं वाचा, तिथं इंग्रजी शिवी निघते. शिवी गाळणारं सॉफ्टवेअर नावाचा अर्थ पाहत नाही, अक्षरं पाहते. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं गाव आहे, १९९६ ला तिथल्या लोकांना एका इंटरनेट कंपनीत खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात शिवी लपली होती. आसामात चुतिया नावाचा मोठा जुना समाज आहे, सदियाला त्यांचं राज्य होतं, ते सोळाव्या शतकात आहोमांनी घेतलं. त्यांच्या पोरांचे फॉर्म अन फेसबुक खाती याच आडनावापायी बाद झालेली आहेत. राज्य केलेल्या लोकांना फॉर्म भरू देत नाही, मोठं बेकार काम आहे.

बाकी किरकोळ. दोनच अक्षरांचं आडनाव, फार लांब नाव, नावात टिंब. टिंब काढा, डबल स्पेस काढा, अर्ध्या वेळा तेवढ्यानंच होते.

आडनाव बदललं तर जातीच्या दाखल्याला त्रास होईल का?

होतो, जर जुनं लपवलं तर. पडताळणी समितीला जुने पुरावे लागतात, एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे. हे पुरावे म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल नाहीतर शाळेचं दाखल-खारीज. कोतवाल बुकात गंमत अशी का बऱ्याच वेळा लेकराचं नावच नसते, बापाचं नाव अन 'मुलगा झाला' एवढंच. म्हणून सगळी मदार आजोबाच्या नावावर. आता विचार करा, आजोबा पांडुरंग असते तर त्या मोडी-मराठी पानांत ढीगभर पांडुरंग निघाले असते अन आपला कोणता हे सांगता आलं नसतं. उकर्डा एकच निघते. एका घराची व्हॅलिडिटी मी माझ्या डोळ्यानं अशी निघताना पाहिली, पोरगा आधी आजोबाचं नाव सांगायलाच लाजत होता. वंशावळीत दोन्ही नावं लिहा, 'उर्फ' टाकून, अन प्रतिज्ञापत्रात खुलासा करा. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप लागत नाही, कोणी स्टँप घ्यायला लावला तर विचारा कोणत्या नियमानं.

ऑफिसात नाव पुकारलं का सगळे हसतात.

हसतात. हागे, गाढवे, डुकरे, आगलावे, कुत्तरमारे, उंदीरवाडे, लेंडे, सगळे माझ्या बाकड्यावर बसून गेले आहेत. हसणाऱ्याचं आडनाव विचारायचं, बहुतेक वेळा ते पण धड नसते. मला एका भरतीच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला, "हे आडनाव कसं काय पडलं?" अन टेबलामागचे तिघं हसले. उत्तर माहीत नव्हतं, "सर, माहीत नाही" म्हटलं. त्यावरच सहा-सात मिनिटं गेली, विषयाचं कोणी काही विचारलं नाही. नोकरी लागली नाही, आडनावामुळे असं म्हणणार नाही, अभ्यास पण कमीच होता. पण सेंटरवर माझा एक नियम आहे, नाव मोठ्यानं पुकारायचं नाही, टोकन नंबर पुकारायचा.

मग तुम्ही आडनाव काऊन नाही बदललं?

फॉर्म भरला होता एकदा. माझाच फॉर्म, माझ्याच कॉम्प्युटरवर, 'भोसले' टाकून पाहिलं. मग कागद मोजत बसलो, आधार, पॅन, टीसी, डिग्री, लायसन, बापाचा सातबारा, बायकोचं, पोराचं, अन पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर असते, ते तर दोन्हीचं 'बी'च निघालं, तेवढा एक फायदा. पेमेंटच्या पानावर गेलो अन लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी तेव्हा उतरलेली होती. लाईट आल्यावर बाकड्यावर आठ लोकं होते.

येताना काय काय आणू?

सगळं आणा. ओरिजिनल आणा. "ते घरी आहे" म्हणू नका, घर बारा किलोमीटरवर असते. आधारला लिंक असलेला मोबाईल आणा, तो पोराकडं पुण्याला असेल तर पोराला दुपारी फोन उचलायला सांगून ठेवा, ओटीपी दहा मिनिटांत मरते. अन अर्ज भरून झाल्यावर प्रिंट मारायच्या आधी मी स्क्रीन तुमच्याकडे फिरवतो, तेव्हा मान नुसती हलवू नका, एकेक अक्षर वाचा, वाचता येत नसेल तर शेजारी बसलेल्याला वाचायला लावा. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी नावाचं काम घेत नाही.